बिऱ्हाड हलवण्याआधी हे वाचा, घरात वाइन असेल तर नक्कीच

नमस्कार.

आम्ही गोव्यात घरसामान हलवण्याचे काम करतो. घर हलवायचे ठरले की आम्हाला पहिला फोन टेम्पोच्या भाड्यासाठी येतो. आम्ही आधी विचारतो, घरात काय काय आहे? कपाटे, पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन अशी यादी मिळते. वाइनच्या बाटल्या मात्र हमखास राहून जातात. मग निघायच्या दिवशी टेम्पो अर्धा भरल्यावर जिन्याखालच्या कपाटातून चाळीस-पन्नास बाटल्या निघतात, आणि खोकी असतात ती भांड्यांची. म्हणून या पत्रकात बाकी सामानाचे थोडक्यात आणि बाटल्यांचे सविस्तर लिहिले आहे.

वाइनचा खरा शत्रू ऊन

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही म्हापशाहून मडगावला एक घर हलवले. बाटल्या नीट बांधल्या होत्या, एकही फुटली नाही. पण वाटेत आमची माणसे जेवायला थांबली आणि टेम्पो उन्हात उभा राहिला. मडगावला खोके उघडले तेव्हा काही बाटल्यांची बुचे भाताच्या शिताएवढी वर आली होती आणि गळ्याला हात लावला तर चिकट लागत होते. तापलेली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि कडेने झिरपते. मग थंड होताना त्याच फटीतून हवा आत जाते. त्या घरातल्या काकांनी ती वाइन वर्षानुवर्षे जमवली होती. चूक आमची होती आणि आम्ही ती भरून दिली, पण त्यातल्या काही बाटल्या पुन्हा मिळण्यासारख्या नव्हत्या.

तेव्हापासून बाटल्या असतील तर आम्ही पहाटेच निघतो. बाटल्या टेम्पोत सगळ्यांत शेवटी चढतात आणि सगळ्यांत आधी उतरतात. खोक्यांभोवती थर्माकोलच्या शीट लावतो आणि वाटेत गाडी उन्हात उभी करत नाही. वातानुकूलित ट्रक आमच्याकडे नाही. त्यामुळे बाटल्या डझनभरच असतील तर आमचा सल्ला असा, की त्या तुमच्या स्वतःच्या गाडीतून एसी लावून न्या. डिकीत नको, सीटखाली ठेवा, आणि गाडी कुठे उभी केलीत तर बाटल्या आत सोडू नका.

महिना निवडता येत असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. फक्त नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा, कळंगुट-कांदोळीच्या बाजूला रस्ते तुंबलेले असतात. पावसाळ्यात पुठ्ठा दमटपणाने मऊ पडतो आणि टेपही धरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही प्लास्टिकचे क्रेट वापरतो. चतुर्थीच्या आठवड्यात आम्ही काम घेत नाही, आमची माणसे आपापल्या गावी गणपतीला जातात.

बांधणी

वाइनच्या दुकानात बारा कप्प्यांची रिकामी खोकी मिळतात, ती आधीच सांगून ठेवा. लेबलावर पहिल्यांदा बटर पेपर किंवा किचनमधली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळा. थेट वर्तमानपत्र लावले तर शाई उमटते. त्यावर बबल रॅप. खोक्याच्या तळाला दुहेरी टेप हवीच, कारण ७५० मिलिलीटरच्या भरलेल्या बारा बाटल्यांचे खोके साधारण १५ किलोचे होते. बांधून झाल्यावर खोके हातात धरून हळूच हलवून बघा. आत काच वाजली तर उघडून पुन्हा भरा.

बुचाची वाइन आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. फिरकीच्या झाकणाची कशीही चालते. फेणी मात्र उभीच. कडक दारू बुचाला सतत लागत राहिली तर बूच खराब होते. शिवाय फेणी पेट घेणारी वस्तू आहे, त्यामुळे तिचे खोके इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ ठेवत नाही. आजोबांच्या वेळचा फेणीचा मोठा काचेचा गराफाव असेल तर आधी दाखवा. तो गोणपाटात गुंडाळून एक माणूस मांडीवर धरून बसतो, दुसरा खात्रीचा उपाय आम्हाला माहीत नाही.

राज्याबाहेर जात असाल तर

गोव्यात सहज मिळते म्हणून पत्रादेवीच्या किंवा पोळेच्या सीमानाक्यापलीकडे सहज नेता येते, असे नाही. प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा वेगळा आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि बाटल्या बाळगायला, न्यायला परवाना लागतो. गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे. आधी अबकारी कार्यालयात जाऊन चौकशी करा, खरेदीची बिले जपून ठेवा. परवान्याशिवाय आम्ही राज्याबाहेर एकही बाटली नेत नाही, कपड्यांच्या खोक्यात लपवून तर मुळीच नाही. नाक्यावर गाडी अडली की तुमचे सगळे घर रस्त्यावर थांबते.

विम्याचेही तसेच. सामानाचा विमा काढलात म्हणजे बाटल्या त्यात आल्या असे धरू नका, पॉलिसीत तसे लिहून घ्या.

बाकी सामान

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवा. तो उभाच न्यायचा आणि नव्या घरी काही तास तसाच ठेवून मग चालू करायचा. वाइनचा छोटा फ्रिज असेल तर त्यालाही हेच, आणि तो रिकामा करूनच. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ड्रम अडकवायचे बोल्ट शोधून ठेवा. भरलेला गॅस सिलिंडर आम्ही नेत नाही. दागिने, कागदपत्रे आणि देव्हाऱ्यातले देव तुम्हीच न्या.

रस्त्याचेही सांगून ठेवा. पणजीत फोंतेंइन्यासच्या गल्ल्यांत मोठी गाडी शिरत नाही. दिवाडीला जायचे तर फेरीबोटीत चढता-उतरताना गाडी चांगलीच कलते, तेव्हा बाटल्यांची खोकी वेगळी आवळावी लागतात.

पोहोचल्यावर

बाटल्या लगेच उघडू नका. दोन-तीन आठवडे विसावू द्या. जुन्या लाल वाइनचा गाळ हलल्याने ढवळतो, ती उघडण्याआधी काही दिवस उभी ठेवा. ठेवायला जागा थंड आणि काळोखी हवी. १२ ते १५ अंश आदर्श, पण गोव्यात वाइनच्या फ्रिजशिवाय ते जमत नाही. तेव्हा निदान तापमान सारखे वर-खाली होऊ देऊ नका. चिऱ्याच्या जुन्या घरात मधली खोली चांगली. फ्लॅटमध्ये पश्चिमेची भिंत, स्वयंपाकघर आणि फ्रिजचा माथा टाळा.

तारखेच्या दहा-पंधरा दिवस आधी आमचा माणूस पाहणीला येतो, त्याचे पैसे नाहीत. त्या दिवशी बाटल्यांचे कपाट उघडून दाखवा. तो मोजून, फोटो काढून यादी करील. एक प्रत तुमच्याकडे राहील आणि नव्या घरी त्याच यादीवर खूण करत तुम्ही बाटल्या ताब्यात घ्या.