शोभेची दिवाबत्ती आणि मेणबत्तीची साधने (गृहसजावट)

घर उजळणे आणि घर सजवणे ही प्रकाशाची दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला छताला लावलेला एक प्रखर दिवा पुरतो. दुसऱ्यासाठी लहान, मंद, कमी उंचीवरचे आणि ठिकठिकाणी विखुरलेले दिवे लागतात. मेणबत्त्या, शमादाने (मेणबत्ती उभी करायच्या बैठका), काचेच्या हंड्या, कंदील, झुंबरे, भिंतीवरचे दिवे, विजेच्या माळा अशा दिव्यांची निवड, मांडणी आणि निगा या सगळ्याला मिळून शोभेची दिवाबत्ती म्हणतात. या नोंदीचा भर मेणबत्तीवर आहे, कारण विजेच्या शोभेच्या दिव्यांनी आपली रंगछटा आणि आकार बव्हंशी मेणबत्तीकडूनच घेतले. प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एककसुद्धा तिथूनच आले आहे.

ज्योत कशी तेवते

मेणबत्तीत वात जळते असे वाटते, पण खरे इंधन मेण असते आणि तेही घन किंवा द्रव रूपात जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवती मेणाचे छोटे तळे साचते, ते पातळ मेण वातीच्या धाग्यांमधून वर चढते, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. मेणबत्ती विझवल्यावर पांढऱ्या धुराची जी रेघ वर जाते ती हीच न जळलेली वाफ. वात गरम असतानाच त्या रेघेला, वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, पेटती काडी लावली तर आग धुरावरून खाली उतरते आणि काडी वातीला न लागताही मेणबत्ती पुन्हा पेटते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानांत हा प्रयोग करून दाखवला होता. घरी मोठ्यांच्या देखरेखीखाली तो एकदा पाहावाच. पुढे वात आणि हवा यांबद्दल जे सांगायचे आहे ते त्याने लगेच पटते.

ज्योतीचा पिवळा भाग उजळतो तो काजळीच्या अतिसूक्ष्म तापलेल्या कणांमुळे. हे कण वर जाता जाता जळून गेले तर ज्योत स्वच्छ राहते. वात लांब झाली किंवा वाऱ्याने ज्योत फडफडली, की ते अर्धवटच जळतात आणि काचेवर, भिंतीवर, छतावर काळा थर बसतो. ज्योतीच्या सर्वांत तप्त भागाचे तापमान सुमारे १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि एक सामान्य मेणबत्ती सुमारे ८० वॅट उष्णता देते. बंद, लहान खोलीत दहा-बारा मेणबत्त्या लावल्यावर उकडू लागते ते यामुळेच.

प्रकाश मात्र फारच थोडा. १८६० मध्ये ब्रिटनमध्ये प्रकाशमापनासाठी एक प्रमाण मेणबत्ती ठरवण्यात आली: देवमाशाच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणाची, एक-षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे जवळपास ७.८ ग्रॅम मेण जाळणारी. १९४८ मध्ये स्वीकारलेल्या ‘कॅन्डेला’ या एककाचे नावही मेणबत्तीच्या लॅटिन शब्दावरूनच आले. साध्या मेणबत्तीची तीव्रता आजही ढोबळमानाने एक कॅन्डेला धरतात. तिच्यापासून एक मीटरवर १ लक्स उजेड पडतो, दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या टिपूर चांदण्याइतका. ८०० ल्यूमेनच्या एका साध्या विजेच्या दिव्याची बरोबरी करायला साठाहून जास्त मेणबत्त्या लागतील. म्हणून मेणबत्त्यांची संख्या वाढवून खोली उजळण्याचा प्रयत्न फसतो. मेणबत्तीचे खरे काम अंधाराला आकार देण्याचे आहे आणि ते काम ती कशात ठेवली, किती उंचीवर ठेवली आणि तिच्यामागे काय आहे यावर ठरते.

वात आणि मेण यांचा इतिहास

जुन्या काळी युरोपात सर्वसामान्य घरांत जनावरांच्या चरबीच्या मेणबत्त्या जळत. त्या धूर आणि दुर्गंधी सोडत. मधमाशीचे मेण स्वच्छ जळे, पण महाग असे. दोन्हींची वात पीळ दिलेल्या धाग्याची असल्याने ती ज्योतीत उभीच राहून कोळपायची आणि तिच्या टोकाला गुल, म्हणजे जळक्या धाग्याचा काळा गोळा, धरायचा. तो थोड्या थोड्या वेळाने कात्रीने छाटावा लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये वेणी घातलेली वात आली आणि हा व्याप संपला: अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त कडेला लागते आणि आपोआप जळून जाते. शोभेच्या मेणबत्तीच्या इतिहासात याहून मोठा शोध दुसरा नसावा, कारण त्यानंतरच मेणबत्ती पेटवून तिच्याकडे तासभर लक्ष न देता गप्पा मारणे शक्य झाले.

त्याच वर्षी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल आणि गे-ल्युसॅक यांनी चरबीपासून वेगळ्या काढलेल्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. ही मेणबत्ती कडक असे आणि तिला चरबीचा वास नसे. १८३४ मध्ये जोसेफ मॉर्गन यांच्या साचा-यंत्राने उत्पादनाचा वेग वाढवला, तर १८५० मध्ये जेम्स यंग यांनी पेटंट घेतलेल्या पद्धतीने पॅराफिन मेण स्वस्त झाले. पॅराफिन साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते, मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना. उष्ण हवेत निमुळत्या मेणबत्त्या कमरेत वाकतात, त्या बहुधा कमी वितळणांकाच्या मेणाच्या असतात. सोयाबीनचे मेण मऊ असल्याने ते पेल्यात किंवा बरणीतच ओततात. वातीला ताठपणा यावा म्हणून पूर्वी तिच्यात शिशाची तार घालत. अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली.

साधने

मेणबत्तीचा प्रकार ठरला की तिचे साधन ठरते. उंच निमुळतीला खोबण असलेले शमादान लागते, खांबासारख्या जाड मेणबत्तीला सपाट ताटली, पेल्यातल्या छोटीला घट्ट बसणारा काचेचा पेला. ॲल्युमिनियमच्या वाटीतली टी-लाइट सुमारे ३८ मिलिमीटर व्यासाची असते आणि साधारण चार तास जळते. स्वस्त असल्यामुळे तिला कमी लेखतात, पण कमी उंचीवरच्या मांडणीला तिच्याइतकी सोयीची मेणबत्ती नाही. निमुळत्या मेणबत्तीचे बूड आणि शमादानाची खोबण जुळली नाही तर ती हलते, कलते आणि एका बाजूने ओघळते. बूड क्षणभर कोमट पाण्यात धरून मऊ करावे आणि पुसून बसवावे. कागदाच्या घड्या कोंबून ती ताठ करण्याची युक्ती मात्र सोडून द्यावी, कारण मेणबत्ती संपत आली की ज्योत त्या कागदापर्यंतच येते.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण रुंद बुडाच्या धातूच्या शमादानाने शब्दशः खरी होते. काचेचे शमादान ही सावली पुसट करते. खोबणीभोवती बसवायची काचेची गोल चकती ओघळणारे मेण झेलते आणि शिवाय प्रकाशाची एक बारीक कडी तयार करते. जुन्या झुंबरांना काचेचे लोलक लावले जात तेही प्रकाशाचे तुकडे करून ते दूरवर फेकण्यासाठीच. १६७४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांना शिसेमिश्रित काचेचे पेटंट मिळाले. ही काच प्रकाशाला जास्त वाकवते, त्यामुळे तिच्या पैलूंमधून इंद्रधनुषी ठिणग्या उठतात. भिंतीवरच्या दिव्याच्या पाठीशी घासूनपुसून लख्ख केलेला पत्रा किंवा आरसा बसवण्याची रीतही अशीच जुनी आहे. व्हर्सायच्या राजवाड्यातील, १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या आरसे महालात ३५७ आरसे आहेत. मेणबत्त्यांचा उजेड त्यांत उमटून कित्येक पटींनी वाढत असे. घरात एवढा थाट नको असतो. टेबलावर आडवा ठेवलेला एक साधा आरसा आणि त्यावर तीन टी-लाइट, एवढ्यानेही तोच परिणाम छोट्या प्रमाणात साधतो.

काचेची हंडी किंवा चिमणी ज्योतीला झुळकेपासून वाचवते. तिला खालून हवा मिळायला हवी. तळ बंद आणि तोंड अरुंद असेल तर ज्योत गुदमरते आणि काच आतून काळी पडते. पारदर्शक काचेतून ज्योत दिसते. दुधी काचेत ती दिसत नाही, सगळे भांडेच उजळते. रंगीत काच उजेड बराच खाते, म्हणून गडद निळ्या पेल्यातली मेणबत्ती छान दिसते पण आसपास फारसे काही उजळत नाही. जाळीदार कंदिलाची खुबी सावलीत आहे. आत एकच ज्योत ठेवली तर भिंतीवर नक्षी ठसठशीत उमटते. तीन ठेवल्या तर तीन नक्षी एकमेकींत मिसळून नुसता गबाळा पसारा दिसतो.

वात छाटायची कात्री पुढून वाकडी असते, म्हणजे ती खोल बरणीतही पोचते आणि कापलेला तुकडा तिच्या पात्यावरच राहतो. दर वेळी पेटवण्यापूर्वी थंड मेणबत्तीची वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून बाकीची छाटावी. काजळीवर हाच खरा उपाय. विझवण्यासाठी लांब दांड्याची घंटेसारखी टोपी मिळते. ती ज्योतीवर धरली की हवा तुटते. फुंकर मारल्यावर उडणारे गरम मेणाचे थेंब टळतात. याहून चांगली युक्ती टोकाला वाकवलेल्या तारेची: तिने वात पातळ मेणात बुडवायची आणि लगेच पुन्हा उभी करायची. धूर जवळजवळ होत नाही, वासही येत नाही आणि मेण लागलेली वात पुढच्या वेळी झटकन पेटते. सुगंधी मेणबत्तीसाठी ज्योतीशिवाय मेण तापवणारा दिवाही असतो. तो वरून ऊब देतो, मेण वितळते आणि सुगंध पसरतो.

मांडणी

जेवणाच्या टेबलावर ज्योत समोरासमोर बसलेल्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येऊ नये. ती हनुवटीच्या खाली असावी किंवा डोक्याच्या वर. मधल्या उंचीवरची ज्योत डोळ्यांवर येते आणि समोरचा चेहरा काळपट दिसतो. हा दोष इतका सर्रास दिसतो, की नवे शमादान घेण्याआधी खुर्चीत बसून उंची मोजलेली बरी. सुगंधी मेणबत्ती जेवणाच्या जागी लावू नये आणि एका खोलीत दोन सुगंध मिसळू नयेत.

फिकट रंगाची भिंत प्रकाश परत देते, गडद भिंत तो गिळते. कोपऱ्यातला दिवा दोन भिंतींना उजळतो, म्हणून तो मधोमध ठेवलेल्या दिव्यापेक्षा मोठा भासतो. एकाच उंचीच्या मेणबत्त्यांची रांग कवायतीसारखी दिसते. तीन वेगळ्या उंची जवळजवळ ठेवल्या की नजर त्यांवर ठरते. मात्र दोन ज्योतींमध्ये निदान ८ ते १० सेंटिमीटर अंतर हवे. त्याहून जवळ आल्या तर त्या एकमेकींचे मेण वितळवतात.

विजेची शोभेची रोषणाई

विजेच्या रंगीत दिव्यांची पहिली गाजलेली सजावट १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरातल्या नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० छोटे दिवे लावले होते. पुढच्या काळातल्या माळांत दिवे एकापुढे एक जोडलेले असत, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझे. एलईडीने चित्र पालटले. लाल एलईडी १९६२ मध्येच आला होता, पण पांढरा उजेड शक्य झाला तो १९९० च्या दशकात चमकदार निळा एलईडी बनल्यावर. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विकत घेताना वॅटपेक्षा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगछटेचा आकडा आधी पाहावा; तो जितका कमी तितका उजेड पिवळसर. मेणबत्तीची रंगछटा १,९०० केल्विनच्या आसपास असते, जुन्या तारेच्या दिव्याची २,७०० आणि दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या दिव्याची ६,५०० च्या आसपास. मेणबत्त्यांच्या शेजारी २,७०० च्या वरची माळ लावली तर मेणबत्त्या पिवळट आणि माळ निळसर दिसते. २,२०० ची माळ त्यांच्यात मिसळून जाते. तारेचा दिवा मंद केला की तो तांबूस होतो, साधा एलईडी तसा होत नाही, तो फक्त फिका पडतो. मंद करताना ऊबदार होणारे एलईडी वेगळे असतात. घराबाहेर किंवा पाण्याचे शिंतोडे उडतील तिथे निदान आयपी ४४ संरक्षण (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाची प्रमाणित पातळी) असलेली माळ लागते.

मेणाच्या कवचात एलईडी असलेली बिनज्योतीची मेणबत्ती पडद्याजवळ, पुस्तकांच्या कपाटात आणि लहान मुलांच्या खोलीत लावता येते. चांगल्या प्रकारांत ज्योतीच्या आकाराची पातळ चकती चुंबकाच्या जोराने डुलते आणि लांबून फसगत होते. अशा छोट्या दिव्यांत बटणासारखी बॅटरी असते. ती मुलाने गिळली तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते, म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तेच घ्यावे.

निगा आणि सुरक्षितता

जाड मेणबत्ती पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेले मेण कडेपर्यंत पसरू द्यावे. व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास. लवकर विझवली तर वातीभोवती विहिरीसारखा खड्डा पडतो आणि नंतर तो खोलच होत जातो. बरणीच्या तळाशी सव्वा सेंटिमीटर मेण उरले की ती पुन्हा पेटवू नये, नाहीतर काच तडकते. जळू शकणाऱ्या वस्तूंपासून ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि खोलीत कोणी नसताना, झोपताना ज्योत चालू ठेवू नये. मेणबत्तीच्या आगसुरक्षेसाठी युरोपात ईएन १५४९३ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ २४१७ ही मानके आहेत. पेटलेल्या मेणावर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. झाकण घालून आग गुदमरवावी.

शमादानावर गोठलेले मेण सुरीने खरवडू नये, ओरखडे पडतात. धातूचे किंवा जाड काचेचे शमादान तासभर फ्रीझरमध्ये ठेवले की मेण आकसते आणि बोटाने ढकलताच सुटते. लाकडी शमादानाला केसांच्या ड्रायरची कोमट हवा द्यावी आणि मऊ झालेले मेण सुती फडक्याने टिपून घ्यावे. ते मेण मोरीत वाहून घालवू नये, नळीत थिजून बसते.