रूटिंग (अँड्रॉइड)

अँड्रॉइड प्रणालीवर चालणाऱ्या फोनचे सर्वोच्च प्रशासकीय अधिकार, जे कारखान्यातून बाहेर पडताना मालकाला दिलेले नसतात, ते मिळवण्याच्या प्रक्रियेस रूटिंग किंवा फोन ‘रूट करणे’ म्हणतात. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स कर्नलचा, म्हणजे हार्डवेअर आणि बाकी प्रणाली यांना जोडणाऱ्या मूळ भागाचा, आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो आणि ० क्रमांकाच्या वापरकर्त्याला, म्हणजे रूटला, कोणतीही फाइल वाचण्याची, बदलण्याची व पुसण्याची मुभा असते. अँड्रॉइडने ही व्यवस्था माणसांऐवजी ॲप्सना लावली. वापरकर्त्याने बसवलेल्या प्रत्येक ॲपला १०००० पासून पुढचा स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याची खासगी माहिती दिसत नाही. फोनच्या मालकाचे हातही याच चौकटीत बांधलेले असतात.

रूट करण्यामागची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: कंपनीने आधीच भरून दिलेली आणि एरवी न निघणारी ॲप्स समूळ काढणे, सर्व ॲप्सचा त्यांच्या माहितीसह बॅकअप घेणे, जाहिरातींचे सर्व्हर संपूर्ण फोनसाठी रोखणे, बॅटरी ठरावीक टक्क्यांवर चार्ज होणे थांबवणे. मराठी वाचकांना आणखी एक कारण होते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी फॉन्टच नसे आणि मराठी मजकुराच्या जागी चौकोन उमटत. सिस्टिमच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्ट टाकायचा तर रूट लागे, आणि तो टाकल्यावरही जोडाक्षरे फुटलेली दिसत ती दिसतच. पुढच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय मुळातच आल्यावर हे कारण उरले नाही.

रूटिंग, बूटलोडर अनलॉक करणे आणि कस्टम रॉम टाकणे या तीन गोष्टींची नेहमी गल्लत केली जाते. बूटलोडर हा फोन सुरू होताना सर्वप्रथम चालणारा प्रोग्राम असून तो लॉक असताना केवळ कंपनीची सही असलेलीच प्रणाली सुरू करतो. कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या प्रणालीऐवजी बसवलेली दुसरी अँड्रॉइड प्रणाली. लिनेजओएससारखी रॉम वापरणारा फोन रूट केलेला असेलच असे नाही.

पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी-१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला आणि महिन्याभरातच त्यात रूटचा मार्ग सापडला, तोही जवळजवळ हास्यास्पद. फोन सुरू होताना रूट अधिकारांचा एक कमांड शेल (टाइप केलेल्या आज्ञा पाळणारा प्रोग्राम) पडद्याआड चालू राहत असे आणि सरकत्या कीबोर्डवर टाइप केलेले प्रत्येक अक्षर समोरच्या ॲपबरोबर त्या शेललाही पोहोचत असे. संदेश लिहिताना ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. याच वाटेने टेलनेट ही दुरून आज्ञा देण्याची सेवा सुरू करून लोकांनी पूर्ण ताबा मिळवला. गूगलने ही चूक आरसी-३० या अपडेटने लगेच दुरुस्त केली. त्यावर उपाय म्हणून हौशी मंडळींनी फोनमध्ये आधीची आरसी-२९ आवृत्ती परत टाकली.

पुढची काही वर्षे रूटिंग हे अशाच सुरक्षादोषांवर चालले. २०१० मधील ‘रेज अगेन्स्ट द केज’ या प्रोग्रामची युक्ती पाहण्यासारखी आहे. संगणकाशी फोन जोडणारी एडीबी सेवा रूट म्हणून सुरू होई आणि मग स्वतःचे अधिकार उतरवून सामान्य वापरकर्ता बने. या प्रोग्रामने आधीच इतक्या प्रक्रिया (चालू प्रोग्राम) सुरू करून ठेवायच्या की त्या वापरकर्त्याची प्रक्रियांची मर्यादा भरून जाई. मग अधिकार उतरवण्याची विनंती फसे आणि ती फसली की नाही हे एडीबी तपासतच नसल्यामुळे ती सेवा रूटच राही. जो दोष मालकाला उपयोगी तोच चोरालाही. मार्च २०११ मध्ये उघड झालेल्या ‘ड्रॉइडड्रीम’ या घातक प्रोग्रामने हीच युक्ती वापरली, आणि अँड्रॉइड मार्केटमधील (आजच्या प्ले स्टोअरमधील) पन्नासहून अधिक ॲप्समध्ये तो दडलेला निघाला. २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ यांनी कर्नलमधील एका दोषावर आधारित ‘टॉवेलरूट’ प्रसिद्ध केले. ॲप उघडून एक बटण दाबले की काम होत असे.

अँड्रॉइडने ही भगदाडे एकेक करून बुजवली. आवृत्ती ५ पासून एसईलिनक्स या, प्रत्येक प्रक्रियेला ठरावीक कामांपुरते बांधणाऱ्या सुरक्षाव्यवस्थेचे नियम पूर्णपणे लागू झाले, त्यामुळे क्रमांक ० असला तरी प्रक्रियेला सारे काही करता येईनासे झाले. आवृत्ती ७ पासून व्हेरिफाइड बूट सक्तीचे झाले, म्हणजे सिस्टिममधील एखादा ब्लॉक बदललेला आढळला तर तो वाचलाच जात नाही. दुसऱ्या बाजूला कंपन्यांनी अधिकृत दार ठेवले. गूगलच्या २०१० मधील नेक्सस वन फोनचा बूटलोडर एका कमांडने अनलॉक होई आणि त्यापूर्वी पडद्यावर वॉरंटी जाण्याचा इशारा दिसे. आजही अनलॉक करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. ही शिक्षा नव्हे. तसे नसते तर चोरलेला फोन अनलॉक करून आतली माहिती काढता आली असती. शाओमीने मात्र अनलॉक करण्यावर अनेक फोनसाठी कित्येक तासांची, कधी सात दिवसांची प्रतीक्षा लादली.

सध्या सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेले मॅजिस्क. पूर्वी रूटची फाइल थेट सिस्टिम विभागात ठेवली जाई. मॅजिस्क त्या विभागाला हात लावत नाही. कर्नलसोबत सुरू होणारी बूट इमेज तेवढी बदलते आणि बाकीचे बदल फोन चालू असताना मूळ फाइलींवर आवरणासारखे चढवते. वापरकर्ता आपल्याच फोनच्या आवृत्तीची बूट इमेज मिळवतो, मॅजिस्क ॲपकडून ती बदलून घेतो आणि संगणकावरून फास्टबूट या साधनाने फ्लॅश करतो, म्हणजे फोनमध्ये लिहितो. दुसऱ्याच आवृत्तीची इमेज टाकली तर फोन सुरूच न होण्याची शक्यता असते. त्यानंतर एखाद्या ॲपने रूट मागितला की पडद्यावर परवानगीची चौकट येते आणि मालक होकार किंवा नकार देतो. बदललेली इमेज तशीच ठेवून बूटलोडर पुन्हा लॉक करणे ही महागात पडणारी घाई आहे, कारण सही जुळत नसल्याने फोन सुरू होण्यास नकार देतो.

आज अडचण रूट मिळवण्याची कमी आणि रूट केलेला फोन दैनंदिन व्यवहारात वापरण्याची जास्त आहे. पूर्वी गूगलची सेफ्टीनेट ही तपासणी फोनची स्थिती ॲपला कळवत असे; आता तिची जागा घेतलेली प्ले इंटिग्रिटी ते काम करते. भारतात बँकांची आणि यूपीआयची अनेक ॲप्स अशा फोनवर उघडत नाहीत, त्यामुळे भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे देण्याची सोयही जाऊ शकते. मॅजिस्कचे रूट लपवण्याचे उपाय बराच काळ चालले. मात्र हार्डवेअरवर आधारलेल्या तपासणीत बूटलोडरच्या स्थितीवर चिपच्या सुरक्षित भागातील किल्ली सही करते, आणि ती किल्ली रूटच्याही हाती लागत नाही. काही फोनमध्ये चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या वाइडवाइन संरक्षणाची पातळीही घसरते व चित्रपटसेवांवर एचडी चित्र मिळत नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने रूट केलेला फोन आपोआप असुरक्षित होत नाही, पण परवानगी देण्यात झालेली एक चूक संपूर्ण फोनभर पसरते. एका बटणात रूट करून देणारी अनोळखी ॲप्स या कारणाने टाळलेलीच बरी.

कायद्याबाबत, अमेरिकेत जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या फोनवर कायदेशीररीत्या मिळवलेली ॲप्स चालवण्यासाठी असे अडथळे दूर करण्यास सूट दिली. भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण मोडणे हा गुन्हा ठरवते, पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. वॉरंटी हा कंपनीनुसार बदलणारा विषय आहे. सॅमसंगच्या नॉक्स ही सुरक्षाव्यवस्था असलेल्या फोनमध्ये बाहेरची प्रणाली टाकली की चिपमधील एक विद्युत फ्यूज कायमचा जळतो आणि मूळ प्रणाली परत बसवली तरी ती नोंद पुसली जात नाही. जुना सॅमसंग फोन विकत घेताना डाउनलोड मोडमध्ये जाऊन ती नोंद पाहता येते.