विसण घालणारी मोटर

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही मुलुंडहून दादरला मुंजीला निघालो होतो. गाडीत पाच माणसं, आहेराच्या पिशव्या आणि आईच्या मांडीवर आंब्याची पेटी. भांडुपपर्यंत एसी झकास चालला होता. विक्रोळीला काकू म्हणाली, "जरा वाढव रे." घाटकोपरला वाढवायला काही उरलं नव्हतं, आणि शीव येईस्तोवर समोरच्या जाळीतून चक्क कोमट वारा यायला लागला. डिस्प्लेवर आकडा मात्र १८ अंशांचाच!

सोमवारी गाडी गॅरेजला नेली. बॉनेट न उघडताच निदान झालं, "साहेब, गॅस कमी झालाय." पैसे मोजून गॅस भरून घेतला. मंगळवारी पुन्हा तेच. सकाळी निघताना थंड, पंधरा मिनिटांनी कोमट.

एसीचा गॅस 'संपतो' ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की दर उन्हाळ्यात तेलपाण्यासारखा तो भरून घेणारे लोक मला माहीत आहेत. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. तो कमी होतो तो गळतीमुळेच. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये असलेला आर-१३४ए हा वायू १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर वाचवण्यासाठी आला खरा, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून वरचढ आहे. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगालीत त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. तर ते असो.

मला खटकली ती वेळ. गॅस कमी असता तर निघतानाही हवा धड थंड झाली नसती. इथे सुरुवात चांगली होती आणि पुढे बिघडत होती. बुधवारी मी जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर खोचला आणि एक डोळा इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर ठेवला. काटा चढू लागला तसा थर्मामीटरही चढू लागला. दोघं हातात हात घालून. कूलिंग कॉइलला इंजिन तापल्याशी काय देणंघेणं? बॉनेटखाली कॉम्प्रेसरकडे परत जाणारी जाड नळी तर घाम फुटल्यासारखी थेंबाळलेली आणि गार होती. म्हणजे थंडावा तयार होत होता, वाटेत त्यात कुणीतरी गरम मिसळत होतं.

आणि मिसळणारा खरंच असतो. गाडीतलं तापमान एसी कमी-जास्त करून ठरत नाही, निदान मुख्यतः तरी नाही. आपण आंघोळीला बंबातून कढत पाणी घेतो आणि त्यात विसण घालतो ना, तसंच इथे उलट्या बाजूने होतं. सगळी हवा आधी कूलिंग कॉइलवरून जाऊन गारठते. मग तिच्या वाटेत एक झडप असते. झडप एका टोकाला असली की हवा सरळ तुमच्या तोंडावर, दुसऱ्या टोकाला असली की सगळी हवा हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून. त्या रेडिएटरमध्ये इंजिनचं ८०-९० अंशांचं कूलंट खेळत असतं. (काही गाड्यांत ते अडवायला नळ असतो, माझ्या गाडीत नाही.) समजा, थंड हवा ६ अंशांची आहे आणि हीटरमधून आलेली ६०ची. २४ हवी असेल तर एक तृतीयांश हवा हीटरमधून न्यायची. मुंबईत हीटर कशाला, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की तुम्ही मे महिन्यात २४ वर काटा ठेवता तेव्हाही बऱ्याच गाड्या हेच विसण घालत असतात.

जुन्या किंवा साध्या गाड्यांत निळ्या-लाल नॉबला एक केबल असते, ती झडप ओढते. ऑटोमॅटिक एसीत मात्र तिथे एक काळी डबी असते, काड्यापेटी-दीड काड्यापेटीएवढी. तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. माझ्या गाडीत इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डातून काही क्षण टक टक टक असा आवाज येत होता. घरच्यांनी तो पाल समजून सोडून दिला होता.

ही डबी मी नंतर उघडली. खरं सांगायचं तर हा लेख त्या डबीसाठीच लिहितोय.

आत खेळण्यातल्यासारखी एक डीसी मोटर. तिच्या दांड्यावर एक मळसूत्र, त्याला वर्म म्हणतात. ते ३० दात्यांच्या चक्राला फिरवतं. मोटरचे ३० फेरे झाले की चक्राचा एक. पुढे प्लॅस्टिकच्या गिअरच्या तीन जोड्या, दाते मोजले तर ३, ३ आणि २ पट. गुणाकार करा: ३० × ३ × ३ × २ म्हणजे ५४०. मोटर मिनिटाला २७०० फेरे मारत असेल तर झडपेचा दांडा मिनिटाला ५ फेरे मारणार. पाव फेरा, म्हणजे ९० अंश, ३ सेकंदांत. वेग गेला, बदल्यात पीळ (फिरवण्याची ताकद, टॉर्क) वाढला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आपण शाळेत घोकतो, तो इथे दातेरी चक्रांत दिसतो.

पण मला वेड लावलं त्या मळसूत्राने. मोटर चक्राला फिरवू शकते, चक्र मात्र मोटरला फिरवू शकत नाही. बाहेरचा दांडा पकडीने पिळून पाहा, हलत नाही. का? मळसूत्र म्हणजे दांडीला गुंडाळलेला चढ. माझ्या मोटरवरच्या मळसूत्राचा व्यास साधारण ६ मिलिमीटर, म्हणजे घेर १९ मिलिमीटर, आणि एका फेऱ्यात आटा पुढे सरकतो १ मिलिमीटर. १९ला १ असा चढ. कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ला १ आहे आणि तेवढ्यासाठी बऱ्याच गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. त्या हिशेबाने हा चढ दुप्पट खडा, तरी पृष्ठभागांमधलं घर्षण त्याला पुरून उरतं. चढाच्या कोनाचा टॅन घर्षण गुणांकापेक्षा कमी असेल तर वस्तू उतारावरून आपली आपण घसरत नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्रातला उतरणीवरचा ठोकळा आठवा. इथे टॅन आहे ०.०५ आणि घर्षण गुणांक त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणून मोटरचा वीजपुरवठा तोडला तरी ब्लोअरच्या वाऱ्यापुढे झडप आहे तिथेच राहते. डिकीतल्या स्क्रूच्या जॅकने गाडी उचलून हँडल सोडून दिलं तरी गाडी खाली येत नाही, तेही याच कारणाने.

याची किंमत मोजावी लागते. असं आपसूक अडून राहणारं मळसूत्र ५० टक्क्यांहून जास्त कार्यक्षम असूच शकत नाही. गणित कागदावर मांडलं तर चार ओळींत सुटतं. निम्म्याहून अधिक कष्ट उष्णतेत जातात. कार्यक्षमता ३० टक्के धरली तर आपला ५४० पट पीळ उरतो साधारण १६० पट. पण काम तीन सेकंदांचं, मग विश्रांतीच विश्रांती. इथे घर्षण हा शत्रू नाही, पगारी नोकर आहे.

आता झडप कुठे आहे हे गाडीला कसं कळतं? शेवटच्या चक्राच्या पोटाला कार्बनची एक अर्धगोल पट्टी असते, तिच्यावरून तांब्याची बारीक बोटं सरकतात. पट्टीच्या दोन टोकांमध्ये ५ व्होल्ट. बोटं जिथे असतील तिथला व्होल्टेज म्हणजे झडपेचा पत्ता. बारावीच्या प्रयोगशाळेतला पोटेन्शिओमीटर तो हाच, फक्त तिथली लांबलचक तार इथे नखाएवढी झाली. एसीचा कंट्रोलर, म्हणजे झडपेला हुकूम देणारा छोटा संगणक, म्हणतो, मला १.२ व्होल्ट हवेत. मिळतायत २. मग फिरव मोटर. १.२ झाले, थांबव. गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक हेच करतो: पातळी बघ, नळ उघड किंवा बंद कर, पुन्हा पातळी बघ. याला प्रत्याभरण म्हणतात, बोलीत फीडबॅक. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर त्याचा वेग आपोआप आवरणारा दोन गोळ्यांचा गव्हर्नर बसवला आणि अशी यंत्रं कधी स्थिर राहतात, कधी हेलकावत बसतात याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ साली मांडलं. चूक दुरुस्त करताना पलीकडे जायचं, मग परत यायचं, मग पुन्हा पलीकडे, हा त्यातला रोग. तो टाळायला कंट्रोलर ठरावीक व्होल्टेजच्या अलीकडे-पलीकडे थोडी माफी ठेवतो. पट्टी झिजली की व्होल्टेज थरथरतं, थरथर माफीच्या पट्ट्याबाहेर जाते, आणि झडप रात्रंदिवस अस्वस्थ. हे जरा अवघड झालं असेल तर सोडून द्या, पुढे अडणार नाही.

माझ्या पट्टीवर खरवड होती ती फक्त 'पूर्ण थंड' या टोकाशी. १८ वर आकडा ठेवणाऱ्या मुंबईकराच्या गाडीत बोटं आयुष्यभर आणखी कुठे बसणार? झडप टोकाला टेकली तरी व्होल्टेज पुरेसं खाली जात नव्हतं, कंट्रोलर ढकलत राहायचा, आणि १६० पट पीळ घेऊन शेवटच्या प्लॅस्टिकच्या चक्राने भिंतीला धडका दिल्या. तीन दाते गेले. टक टक म्हणजे त्या बोळक्या तोंडावरून आधीचं चक्र घसरण्याचा आवाज. दातेच नसल्यावर मळसूत्राची पकड झडपेपर्यंत पोचत नाही, ती वाऱ्याने भरकटते.

आमच्या काकूचं निदान वेगळं होतं: "नवी बॅटरी लाभली नाही. अमावास्येला घेतलीत ना?" गंमत अशी की बॅटरी खरोखर दोनच आठवड्यांपूर्वी बदलली होती आणि त्रास त्यानंतरच सुरू झाला होता. बॅटरी काढून पुन्हा जोडली की कंट्रोलरची स्मृती पुसते. मग तो झडप एकदा गरम टोकापर्यंत, एकदा थंड टोकापर्यंत नेऊन दोन्ही भिंती नव्याने शिकून घेतो. गरम टोकाकडे जाताना झडप गेली, परतीच्या वाटेवर तुटके दाते आले. पौर्णिमेला बॅटरी घेतली असती तरी हेच झालं असतं, हे काकूला अजून पटलेलं नाही. बंपरला लिंबू-मिरची लटकतेय. निदान तिच्यासाठी बॉनेट उघडावं लागत नाही, त्या बाबतीत ती गॅरेजच्या निदानाइतकीच.

सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. जुना हातात घेऊन जा. पिनांची संख्या, दांड्याचा आकार आणि डबीवरचा क्रमांक तिन्ही जुळले पाहिजेत, कारण दिसायला सगळ्या डब्या सख्ख्या बहिणी. बसवणं अर्ध्या तासाचं काम, त्यातला पाऊण वेळ मान वाकडी करून पायांच्या जागेत आडवं पडण्यात जातो. बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि दहाएक मिनिटं थांबा, डॅशबोर्डात एअरबॅग असते. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. माझ्या गाडीत ग्लोव्ह बॉक्स उतरवला की डबी दिसते, तीन स्क्रू आणि एक कनेक्टर. डबी निघाल्यावर झडपेचा दांडा बोटांनी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. अडला तर झडपच मोडलीय किंवा काहीतरी अडकलंय, आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम घरी करू नका. माझी झडप लोण्यासारखी फिरली. दांड्याची चपटी बाजू नव्या डबीच्या खाचेशी जुळवून घ्यायची, स्क्रू हाताने आवळायचे, प्लॅस्टिकच्या आट्यांवर जोर नको. मग बॅटरी जोडून चावी फिरवायची आणि मिनिटभर कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही.

डॅशबोर्डातून बारीक गुणगुण आली. एकदा इकडे, एकदा तिकडे. टक टक नाही. थर्मामीटर ७ वर जाऊन थांबला, इंजिनचा काटा वर गेला तरी तिथेच.

पण झडप दोन्ही टोकांना जाते का हे तपासायचं तर गरम टोकही बघायला हवं. म्हणून मे महिन्यातल्या दुपारी दीड वाजता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, काचा खाली करून, मी आणि बायको हीटर लावून बसलो. थर्मामीटर ५० ओलांडून गेला. वॉचमन दोनदा गाडीजवळून फिरून गेला. तिसऱ्यांदा त्याने पाण्याची बाटली आणून दिली.