लग्नाच्या फिल्ममध्ये कॅमेरा किती हलावा?

"आम्हाला सिनेमासारखी फिल्म हवी, कॅमेरा हलता ठेवा," असं बुकिंगच्या वेळी हल्ली बरेच जण सांगतात. हलत्या कॅमेऱ्यात जोर असतोच. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' या भयपटाचं बरंचसं शूटिंग नटांनीच हातात कॅमेरा धरून जंगलात केलं होतं. भीती खरी वाटली, पण थिएटरात काहींना मळमळूही लागलं. डोळे म्हणतात आपण हलतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसून आहोत. कसारा घाटात फोन बघताना गाडी लागते, त्याच्या नेमकं उलट. तुमची फिल्म आजी मोठ्या टीव्हीवर, अगदी जवळ बसून बघणार आहेत.

वरातीत नाशिक ढोल सुरू झाला की आमचा कॅमेरा हातातच असतो. वाइड लेन्स लावून आम्ही गर्दीत शिरतो, टिपरू पडेल तिथे वाकतो. तिथला धक्का खरा असतो, तो दिसलाच पाहिजे. लांबून झूम करून मात्र हातात धरत नाही. दूरचं जवळ आणणाऱ्या २०० मिलिमीटरच्या लेन्सवर श्वासाचा हेलकावाही दिसतो.

अंतरपाटाला ट्रायपॉडच. "शुभमंगल सावधान" होतं, पाट खाली येतो आणि दोघांची नजर मिळते. हे सगळं दोन सेकंदांत घडतं आणि ते पुन्हा करून घेता येत नाही.

"नंतर कॉम्प्युटरवर स्थिर करता येईल ना?" थोडंफार येतं. पण सॉफ्टवेअर त्यासाठी फ्रेमच्या कडा कापतं आणि नवरीमागे उभा असलेला मामा निम्मा जातो. हलताना चेहरा पुसट झाला असेल तर तो पुसटच राहतो. याउलट स्थिर शॉटला एडिटिंगमध्ये हलका हेलकावा देता येतो. म्हणून शंका असेल तिथे आम्ही स्थिरच घेतो.

एक विनंती. लाकडी स्टेजवर दहा पाहुणे चढले की फळ्या हलतात आणि त्यांवरचा ट्रायपॉडही. त्यासाठी स्टेजसमोर, जमिनीवर, मधोमध चार फूट जागा मोकळी हवी. खुर्च्या मांडण्याआधीच डेकोरेशनवाल्यांना तेवढं सांगून ठेवा.