एका गोलने बार्बोसा संपला?

१६ जुलै १९५०, रिओचं माराकाना स्टेडियम. फुटबॉल विश्वचषकाचा निर्णायक सामना, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. उरुग्वेचा घिग्गिया उजवीकडून घुसला. उरुग्वेच्या पहिल्या गोलाच्या वेळी त्याने तिथूनच आत पास दिला होता, म्हणून ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा पास अडवायला किंचित पुढे सरकला आणि चेंडू जवळच्या खांबालगत आत गेला. ब्राझील १-२ हरला. 'त्यानंतर बार्बोसा पुन्हा खेळलाच नाही,' ही कथा मात्र खोटी. त्याच वर्षीची आणि १९५२ची रिओची स्पर्धा वास्को द गामा क्लबने जिंकली ती त्याच्यासह. १९५३मध्ये तो ब्राझीलकडूनही खेळला, पण एकच सामना. निवृत्त झाला थेट १९६२मध्ये, चाळिशी ओलांडून! टोमणे मात्र मरेपर्यंत, म्हणजे २०००पर्यंत सुटले नाहीत, तेवढं खरं.