मायनरमधली काळी चार

जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारी पोरं कानाने एकदम पक्की, गाणं एकदा ऐकलं की पट्टी सापडलीच म्हणून समजा, पण तीच पोरं जॅझकडे वळली की मायनरवर, म्हणजे कोमल गंधाराच्या स्केलवर, येऊन अडतात. मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधार असला की, एकच स्केल धरून बऱ्याच कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सूर) निघून जातात, मायनरमध्ये तसं केलं की मधेच खटकतं.

पट्ट्या हार्मोनियमसारख्या मोजा, सी म्हणजे पांढरी एक; पांढरी सहाला, म्हणजे ए ला, सा धरा, ए मायनर झालं. जॅझमधली इथली कॉर्ड्सची ठरलेली चाल म्हणजे बी हाफ डिमिनिश्ड, ई सेव्हन, ए मायनर. डाव्या हाताने नुसता मूळ सूर द्या, पांढरी सात, तीन, सहा. उजव्या हाताची दोनच बोटं लावा: आधी पांढरी दोन आणि वर पांढरी सहा, मग ई सेव्हन आला की खालचं बोट तिथंच ठेवून वरचं अर्धा सूर खाली काळी चारवर, आणि ए मायनरला वरचं परत सहावर, खालचं पांढरी एकवर. एवढ्यात सगळी हार्मनी ऐकू येते, खरंच वाजवून बघा.

मधल्या जागी, म्हणजे ई सेव्हनवर, पांढरी दोन २९३.७ हर्ट्झ आणि काळी चार ४१५.३, गुणोत्तर १.४१, म्हणजे बरोबर अर्धं सप्तक. छोट्या आकड्यांच्या साध्या गुणोत्तरात हे नीट बसत नाही म्हणून कानाला ताण जाणवतो, आणि काळी चारपासून सा फक्त अर्ध्या सुरावर, त्यामुळे मन तिकडेच ओढ घेतं.

आता समजा ई सेव्हन चालू आहे आणि तुम्ही आसावरी थाटातला कोमल नी धरून बसलात, तो ३९२ हर्ट्झ, कॉर्डमधला शुद्ध नी, म्हणजे तीच काळी चार, ४१५.३, दोन्ही एकाच सप्तकात वाजले तर सेकंदाला २३ वेळा आवाज कमीजास्त होतो आणि तोच कर्कश लागतो. जाणते लोक कोमल नी वरच्या सप्तकात मुद्दाम लावतात, त्याला ब्लूजचा रंग येतो, पण ते नंतर.

सुरुवातीला किरवाणी राग धरा (ग आणि ध कोमल, नी शुद्ध), तिन्ही कॉर्ड्सचे सगळे सूर त्यात आहेत. फक्त आपल्याला सा कायम खाली धरून गायची सवय असते, इथं खालचा सूर सारखा बदलतो, म्हणून तानपुरा ॲप बंद ठेवून बेसवर कान ठेवा. आणि ए मायनरवर येऊन थांबायचंय तेव्हा शुद्ध धैवत, म्हणजे काळी तीन, लावून बघा, जॅझवाल्यांना शेवटी तो फार आवडतो.