शिकारी मॉझर आणि कापलेली लष्करी मॉझर: फरक कुठे बघायचा

रावेर तालुक्यातला माझा एक मित्र केळीचा बागायतदार आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने मला एक जुनी रायफल बघायला बोलावलं. मालक परवाना घेऊन सोबत आले होते. मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "वरिजनल मॉझर शे, दादा." मॉझर ती होतीच. पण कोणती, हे त्याने विचारलं नव्हतं, आणि किंमत त्याच्यावरच ठरते.

मॉझर या जर्मन कारखान्याच्या नावाने आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक रायफल पहिल्यापासून शिकारीसाठीच घडवलेली असते: जर्मनीतल्या ओबरनडॉर्फची, बेल्जियमच्या एफएन कारखान्याची, चेकोस्लोव्हाकियाच्या ब्रनोची. दुसरी सैन्यासाठी बनलेली असते आणि युद्धानंतर लाकूड कापून, नळी तासून किंवा बदलून, पॉलिश करून शिकारी रूपात विकलेली असते. दोन्हींत 1898 सालची तीच यंत्रणा: बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, तोंडाशी दोन दणकट दात, मागे तिसरा राखीव दात, आणि काडतुसाची कड पहिल्यापासून धरून ठेवणारा लांब पंजा. म्हणून भल्याभल्यांची गल्लत होते.

नळीवरच्या नावावर तर मुळीच जाऊ नका. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .275 रिग्बी लंडनच्या दुकानाची, पण तिची यंत्रणा मॉझरची. नळीवरचं नाव रायफल कोणी तयार करून विकली ते सांगतं. आतलं पोलाद कुठून आलं ते रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो पोलादी भाग, सांगतो. इंग्लंडमध्ये 1925 नंतर परदेशी बनावटीच्या हत्यारावर तपासणीच्या वेळी 'नॉट इंग्लिश मेक' असा शिक्का मारत. तो दिसला तर घाबरू नका, ती फक्त खरी माहिती आहे.

आता ती रायफल. आधी बोल्ट उघडला, चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे बोटाने चाचपून पाहिलं. रिसीव्हरच्या डाव्या भिंतीला अंगठा बसेल अशी अर्धगोल खाच होती. सैनिकाला क्लिपमधली काडतुसं अंगठ्याने खाली दाबायला ती लागे. पण एकट्या खाचेवरून निकाल देऊ नये, कारण ओबरनडॉर्फच्या जुन्या शिकारी रायफलींनाही ती असायची. म्हणून दस्ता खिडकीशी धरून तिरपा फिरवला. मागच्या भागात लाकडाच्या दोन थिगळ्या दिसल्या, एक लांबट, एक गोल. जर्मन सैन्याच्या के-98 मॉझरच्या दस्त्यात पट्टा अडकवायची आरपार फट असते आणि तिच्याजवळ धातूची गोल चकती. दोन्ही भरून वरून पॉलिश मारलेलं होतं. मॅगझीनची खालची पट्टी काढायला काडतुसाच्या टोकाने खळगा दाबावा लागत होता. शिकारी रायफलींना तिथे बहुधा बिजागरी आणि बटण असतं. ब्रनो झेडकेके 600 असती तर रिसीव्हरच्या माथ्यावर दुर्बीण बसवायची खाच कारखान्यातूनच कोरलेली मिळाली असती. इथे नंतर पाडलेली भोकं होती.

कापलेली म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. जाणत्या कारागिराने केलेली लष्करी मॉझर आयुष्यभर साथ देते. धोका वेगळाच आहे. त्या रिसीव्हरचं पोलाद आतून मऊ आणि चिवट असतं, वर फक्त पातळ कडक कातडी असते. जुनं लष्करी चिन्ह घालवायला किंवा आतलं काम गुळगुळीत करायला कोणी हात सैल सोडून घासलं, तर ही कातडी जाते. मग प्रत्येक बारासरशी बोल्टचे दात मऊ पोलादात रुततात आणि काडतुसामागची जागा वाढत जाते. चकाकी जितकी जास्त, तितका माझा संशय जास्त. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरवरच्या नंबराशी जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि तेव्हा काडतुसामागची ही जागा मोजणं टाळताच येत नाही.

नळीत उजेड धरून चेंबरच्या पुढचा भागही बघावा. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत क्षार असत; बार काढल्यावर नळी पाण्याने धुतली नाही तर तिथे गंजाचे खड्डे पडत. आपला उन्हाळा लाकडाचा शत्रू. 45 अंशांत अक्रोडाचा दस्ता आकसतो, स्क्रू ढिले पडतात आणि नेम फिरतो. भुसावळ-जळगावात ज्यांच्याकडे जुनी रायफल आहे त्यांनी मे आणि सप्टेंबरात स्क्रू तपासावेत.

किमतीचं सांगायचं तर, 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला बंदूक आयात करता येत नाही. म्हणून बाजारातली जवळजवळ प्रत्येक विलायती रायफल चाळीस वर्षांची किंवा त्याहून जुनी आहे, आणि तिचा भाव दर्जापेक्षा टंचाईवर चढलेला आहे. टंचाईचे पैसे द्यायचेच असतील तर ते मूळ शिकारी रायफलीसाठी द्यावेत, थिगळ्या भरलेल्या दस्त्यासाठी नाही. आपल्या सरकारी कारखान्यात बनणारी .315 रायफल या तुलनेत आणू नका. तिची यंत्रणा ली-एनफिल्ड घराण्याची, दात मागे, मापं वेगळी. आणि केळीत रानडुक्कर शिरलं तरी 1972 च्या कायद्यामुळे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही, रायफल कोणतीही असो.

शेवटी आम्ही तिघे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे गेलो. त्याने 'नो-गो' गेज, म्हणजे काडतुसामागची जागा जास्त वाढली आहे का ते तपासायचं माप, चेंबरमध्ये ठेवलं. त्यावर बोल्ट बंद व्हायला नको. तो अलगद, काही अडथळा न येता मिटला. मित्राने रायफल मालकांच्या हातात परत दिली.